कुणालाच नको असलेला नंबर

सिंगापुरात मी एकवीस वर्षं लोकांना नंबर मिळवून दिले, असं सांगितलं की पुण्यातल्या नातेवाइकांना वाटतं मी लॉटरीच्या दुकानात होते. सासूबाई तर शेवटपर्यंत शेजारणींना ‘सून गाड्यांच्या कंपनीत आहे’ एवढंच सांगत आणि विषय बदलत. काम तसं सरळ होतं. एका मोटारींच्या शोरूममध्ये मागच्या बाजूला नोंदणीचं टेबल होतं, तिथं मी बसायचे. पुढे चकचकीत गाड्या, कॉफीचं यंत्र आणि टाय लावलेली विक्रीची पोरं. मागे फायली, प्रिंटर आणि मी. गाडी घ्यायचं ठरलं की माणूस पुढून मागे यायचा आणि खुर्चीत बसून विचारायचा, “नंबर कुठला मिळेल?”

इथल्या नंबरपाटीवर आधी तीन इंग्रजी अक्षरं, मग चारपर्यंत आकडे आणि शेवटी आणखी एक अक्षर असतं. पहिली तीन अक्षरं मालिकेप्रमाणे येतात. शेवटचं अक्षर तर कुणालाच निवडता येत नाही. आधीच्या अक्षरांची आणि आकड्यांची आकडेमोड करून ते आपोआप निघतं, म्हणजे खोटी पाटी चटकन ओळखू येते. गिऱ्हाइकाच्या हातात राहतात ते मधले आकडे. नवी मालिका निघाली की काही दिवस बोली लावता येते. ज्याची बोली वरची त्याला नंबर, आणि निकालाची यादी सगळ्यांना बघता येते. ज्या नंबरांना कुणीच विचारत नाही, ते पुढे कुठल्याही गाडीला लागतात. गाडी इथं दहाएक वर्षांची पाहुणी असते. परवान्याची मुदत संपली की बहुतेक लोक ती मोडीत काढतात. नंबर मात्र मालकाला पुढच्या गाडीवर नेता येतो. म्हणून लोक गाडीचा रंग पाच मिनिटांत ठरवतात आणि नंबरावर पाच आठवडे घालवतात.

आपल्याकडे लोक २१४ लिहून ‘राम’ वाचतात आणि ४१४१ मध्ये त्यांना ‘दादा’ दिसतो. इथं चिनी लोक आकडे कानानं वाचतात. आठ म्हणजे भरभराट. चार नको, कारण त्यांच्या बोलींत चार आणि मरण यांचे उच्चार जवळजवळ सारखे आहेत. एक-सहा-आठ ओळीनं म्हटलं की ‘सरळ वाट भरभराटीकडे’ असं ऐकू येतं, त्यासाठी झुंबड. एक-सहा-चार म्हटलं की तीच वाट मरणाकडे जाते. मी हे सगळं कामावर रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात शिकले, आणि त्याचा पहिला फायदा आपल्याच माणसाला करून दिला. पुण्याहून आलेले एक आयटी मॅनेजर १६७४ मागत होते. शिवराज्याभिषेकाचं साल. “भरपूर स्पर्धा असेल ना?” असं ते काळजीनं विचारत होते. मी म्हटलं, “शेवटी चार आहे. निर्धास्त राहा.” त्यांच्याविरुद्ध एकही बोली आली नाही. शोरूममधली पोरं त्यांच्याकडे हळहळून बघत होती आणि ते पेढे वाटत होते.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा एकच माणूस डोळ्यांसमोर येऊन बसला. लिम अंकल. त्यांच्या बाबतीत मी जे केलं ते मी घरातसुद्धा फार उशिरा सांगितलं.

लिम अंकल पंचाहत्तरीच्या आसपासचे होते. बारीक, ताठ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट पँटमध्ये नीट खोचलेला. मुलगा केल्विन बरोबर होता. बुकित पंजांगला आमच्याच बाजूच्या वसाहतीत तिघं एकत्र राहत, अंकल, केल्विन आणि त्याची बायको हुइमिन. गाडी केल्विन घेणार होता, पण त्यानं वडिलांना सांगितलं होतं, नंबर तुम्ही निवडा. मुलाच्या मनात एखादी वाढदिवसाची तारीख असावी.

अंकलनी खिशातून एक जुना फोटो काढला. दारावर ठोकलेली पत्र्याची छोटी पाटी, तिच्यावर १६४.

“पुलाउ उबीनवरचं आमचं घर,” ते म्हणाले. “मी तिथं जन्मलो. हा नंबर हवा. कॅन आह?” मिळेल ना, असं ते विचारत होते; वाक्याला ‘आह’, ‘लाह’ जोडायची इथली ढब आहे.

उबीन म्हणजे मुख्य भूमीला लागून असलेलं बेट. आता लोक शनिवार-रविवारी सायकली फिरवायला जातात. पूर्वी तिथं ग्रॅनाइटच्या खाणी होत्या आणि खाणकामगारांची वस्ती होती. अंकलचे वडील त्या खाणीत दगड फोडायचे.

मी फॉर्मवर १६४ लिहिलं. केल्विनचा चेहरा उतरला होता, पण वडिलांसमोर तो काही बोलला नाही. अंकलनी सही केली, फोटो पुन्हा खिशात ठेवला आणि जाताना मला म्हणाले, “हा नंबर कुणी मागणार नाही, मला माहीत आहे. पण तुम्ही विसरू नका हं.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत केल्विन एकटा आला. उभ्या उभ्याच बोलायला लागला.

“आंटी, तो नंबर नको. प्लीज. बोली लावूच नका. बाबांना सांगा, दुसऱ्या कुणीतरी नेला.”

“मग वडिलांना तूच का नाही सांगत?”

तो खुर्चीत बसला. थोडा वेळ टेबलावरच्या स्टेपलरशी खेळत राहिला. मग म्हणाला, “हुइमिनला दिवस गेलेत. दोन वेळा आमचं मूल टिकलं नाही. आता तिसऱ्यांदा. आमच्यात पहिले तीन महिने कुणाला सांगत नाहीत. बाबांनाही नाही. आणि याच गाडीतून मी तिला हॉस्पिटलमध्ये नेणार आहे. त्या नंबरच्या गाडीतून, आंटी? मी इंजिनिअर आहे, मला कळतं हा सगळा मूर्खपणा आहे. पण मला ते जमणार नाही.”

मी नियमाचं बोलायला हवं होतं. बोली नको असेल तर सही करणाऱ्याला सांगून ती रद्द करायची, हा नियम. पण समोर बसलेल्या मुलाचे डोळे भरले होते, आणि तो माझ्या मुलापेक्षा फार मोठा नव्हता. मी म्हटलं, “बघते.” आमच्या भाषेत ‘बघते’ म्हणजे काहीच नसतं. त्यानं मात्र माझे दोन्ही हात धरून थँक यू म्हटलं.

बोलीचे दिवस आले आणि गेले. मी फॉर्म फाइलमध्ये तसाच ठेवला. निकालानंतर अंकलना फोन केला. “सॉरी अंकल, दुसऱ्या कुणाची तरी बोली वरची निघाली.”

 मग ते म्हणाले, “ओके, ओके. थँक यू, मॅडम.”

एकवीस वर्षांत गिऱ्हाइकाशी बोललेलं ते माझं पहिलं धडधडीत खोटं. फोन ठेवल्यावर मी उगाचच प्रिंटरमध्ये कागद भरत बसले. कागद आधीच भरलेले होते.

तीन दिवसांनी अंकल आले. हातात घडी घातलेला कागद होता. त्यांनी तो माझ्यासमोर उलगडून ठेवला. लायब्ररीत जाऊन निकालाची यादी छापून आणली होती.

“मॅडम, ज्या नंबरांना बोली लागली ते सगळे यात आहेत,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले. “दुसऱ्या कुणी नेला असता तर १६४ यात दिसायला हवा. मी तीनदा बघितलं. नाही.”

मी यादीकडे बघत राहिले. माझंच काम, माझीच यादी. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण खोटं बोलायची सवय नसली की माणूस तेही नीट बोलत नाही.

“चुकून राहिली का?” त्यांनी विचारलं. मला सुटायला त्यांनी दार उघडून दिलं होतं.

“नाही अंकल,” मी म्हटलं. “चुकून नाही. मी मुद्दाम लावली नाही. आणि का, ते सांगणं माझ्या हातात नाही. तुम्हाला मॅनेजरशी बोलायचं असेल तर मी आत्ता बोलावते.”

पलीकडच्या काचेआड मॅनेजर बसलेले दिसत होते. अंकलनी तिकडे पाहिलं. कागदाची घडी घातली. “शनिवारी तुम्हाला सुट्टी असते?” ते म्हणाले. “मिस्टरांना घेऊन उबीनला या. नऊ वाजता जेटीवर. तुम्ही काय बाजूला ठेवलंत ते तुम्हाला माहीत असायला हवं.”

माझा नवरा श्रीकांत तेव्हा जुरोंग आयलंडवर नोकरीला होता. शनिवारची सकाळ म्हणजे त्याची झोपायची हक्काची वेळ. मी त्याला एवढंच सांगितलं की एक गिऱ्हाईक त्यांचं गाव दाखवणार आहे. तो म्हणाला, “गाड्या विकता विकता आता सहलीपण काढता वाटतं.” पण आला.

बारा माणसं जमली की लाकडी बोट सुटते. आम्ही तिघं आणि सायकली घेतलेली कॉलेजची मुलं. अंकल बोटवाल्याशी त्यांच्या बोलीत बोलत होते, आणि इतका वेळ ताठ बसलेला तो माणूस पाण्यावर जरा सैल झाला होता. पलीकडे उतरल्यावर वीसेक मिनिटं चाललो. डांबरी रस्ता संपून मातीची वाट लागली. एका ठिकाणी ते थांबले. घर नव्हतंच. गवतातून वर आलेले सिमेंटचे दोन ओटे, एकमेकांपासून पंधरा पावलांवर, मध्ये एक रामबुतानचं, केसाळ लाल फळांचं झाड.

“हा आमचा,” त्यांनी उजवीकडचा ओटा दाखवला. “तो शेजाऱ्यांचा.” श्रीकांत झाडाकडे बघायला म्हणून पुढे गेला. त्याला अशा वेळी बाजूला व्हायचं कळतं.

आम्ही उजवीकडच्या ओट्यावर बसलो आणि अंकल सांगायला लागले. ते सात-आठ वर्षांचे असताना बेटावरच्या घरांना नंबर द्यायला बोटीतून सरकारी माणूस आला. हातात वही, पिशवीत पाट्या. घरांच्या रांगेनं तो नंबर लिहीत चालला होता. अंकलच्या घराला १६५ आला. शेजारच्या घराला १६४. शेजारीण पोटुशी होती. तिची आधीची दोन मुलं जन्मल्यावर गेली होती. पाटी बघून तिची सासू दारातच खाली बसली आणि रडायला लागली. सरकारी माणूस म्हणाला, वहीत लिहिलंय, मला नंबर गाळता येत नाही.

“माझे वडील खाणीतून जेवायला आले होते,” अंकल म्हणाले. “अंगभर दगडाची पांढरी धूळ. त्यांना वाचता येत नव्हतं. काय झालं ते त्यांनी आईला विचारलं. मग त्या माणसाला म्हणाले, आमची पाटी त्यांना द्या आणि त्यांची आम्हाला. त्या माणसानं वहीत खाडाखोड केली. आई आठ दिवस वडिलांशी बोलली नाही. आम्ही पाच भावंडं होतो आणि वडील रोज सुरुंगाच्या कामावर. पण पाटी त्यांनी स्वतः ठोकली. म्हणाले, मी रोज दगड फोडतो, मला आकडा काय करणार? तिच्या पोटात मूल आहे, तिनं कशाला...”

ते वाक्य तिथंच थांबलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ओट्याच्या कडेनं लाल मुंग्यांची रांग चालली होती, तिच्याकडे बघत राहिले.

“हुइमिन सध्या कॉफी घेत नाही,” अंकल स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “रोज दोन मग घ्यायची. केल्विन तिला बाजाराची पिशवी उचलू देत नाही.” ते माझ्याकडे वळले. “मॅडम?”

मला ‘नाही’ म्हणता आलं नाही, आणि ‘हो’ म्हणायचा मला अधिकार नव्हता. मी पाण्याची बाटली उघडली, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. तेवढं त्यांना पुरलं.

त्यांनी चष्मा काढला. मग रुमालानं तो पुसत म्हणाले, “मी तुम्हाला काही विचारलं नाही. तुम्ही मला काही सांगितलं नाही. ओके?”

“ओके, अंकल.”

“शेजारणीला मुलगी झाली,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “जगली. आता ऑस्ट्रेलियात असते. आजी झाली ऑलरेडी.”

परतताना बोट निम्म्यावर आली तेव्हा त्यांनी इंजिनाच्या आवाजात माझ्याकडे वाकून विचारलं, “१६५ मिळेल?”

“१६५?”

“आमचाच तो. आधी वहीत आमच्या नावासमोर तोच होता. वडिलांनी देऊन टाकला.” ते पाण्याकडे बघत होते. “इतकी वर्षं मला वाटायचं, आमच्या घराची आठवण म्हणजे जो दारावर होता तो नंबर. पण वडिलांनी खरं काम केलं ते देऊन टाकलेल्या नंबरानं, नाही का?”

सोमवारी मी केल्विनला फोन करून बोलावलं. त्याला सांगितलं की तुझ्यासाठी एकदा खोटं बोलले, पुन्हा बोलणार नाही, आणि तुझ्या वडिलांनी नंबर बदललाय. “तुम्ही त्यांना सांगितलंत?” तो घाबरून उभाच राहिला.

“मी एक शब्द बोलले नाही. पण तू आता घरी जाऊन सांग. तीन महिने व्हायची वाट बघू नकोस.”

त्यानं सांगितलं की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढची मालिका निघाली तेव्हा १६५ साठी मी स्वतः बोली लावली. या वेळी मात्र कुणीतरी समोर उभं राहिलं. शेवटच्या दिवशी दुपारी स्क्रीनवर आमच्या वर दुसऱ्याची बोली दिसली. मी अंकलना फोन केला. त्यांनी फोन केल्विनला दिला आणि केल्विन एकच शब्द बोलला, “लावा.” मी पुन्हा लावली. मुदत संपेपर्यंत जागेवरून उठले नाही. पाणीसुद्धा प्यायले नाही. नंबर मिळाला. विक्रीच्या पोरांना मी अशी का उड्या मारतेय ते कळेना. त्यांच्या मते १६५ हा अगदीच बिनचेहऱ्याचा नंबर होता, ना शुभ ना अशुभ.

गाडी आली, पाटी लागली, अंकलनी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि ते गेले. मॅनेजरकडे त्यांनी माझी तक्रार कधीच केली नाही. उलट वर्षअखेरीला शोरूमला एक पत्र आलं, ‘नोंदणी विभागाच्या मॅडम प्रामाणिक आहेत.’ मॅनेजरनी ते नोटीस बोर्डावर लावलं. रोज जाता-येता मला ते वाचावं लागे. एवढी शिक्षा मला कुठल्याही तक्रारीनं झाली नसती.

त्यानंतर काही महिन्यांनी एका दुपारी तिघं शोरूममध्ये आले. तिघं नव्हे, चौघं. बाळ महिन्याचं झालं की चिनी घरांत लाल रंगवलेली उकडलेली अंडी वाटतात. हुइमिननं अंड्यांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला. मी तिला प्रथमच बघत होते. उंच, केस कापलेले, बोलण्यात एकदम मोकळी. ती एका प्रयोगशाळेत काम करायची. बाळ अंकलच्या हातात होतं. मुलगी.

मी बाळाला बघितलं, आपल्या पद्धतीनं कानशिलाशी बोटं मोडून दृष्ट काढली. अंकलनी लगेच विचारलं ते काय, मी समजावलं. केल्विन गाडीच्या सर्व्हिसबद्दल विचारायला पुढे गेला. तेव्हा हुइमिन माझ्या समोरच्या खुर्चीत बसली.

“आंटी, बाबांनी मला सगळं सांगितलं. बेटाचं, पाटीचं, तुमचं. केल्विननं तुम्हाला काय करायला लावलं तेही.”

“मला माफ कर,” मी म्हटलं. “तुझ्या काळजीनंच...”

“माझ्या काळजीनं केल्विन खोटं बोलला. माझ्या काळजीनं तुम्ही खोटं बोललात. माझ्या काळजीनं बाबांनी नंबर सोडला.” ती रागावली नव्हती, हसतच बोलत होती, पण डोळे माझ्यावर रोखलेले होते. “मला कुणी विचारलंच नाही लाह.”

“विचारलं असतं तर?” हे मी नाही, अंकलनी विचारलं. बाळाला थोपटत ते मागेच उभे होते.

“तर मी म्हटलं असतं, १६४ घ्या. ज्या घरात तसा माणूस राहत होता, त्या घराच्या नंबराची मला कसली भीती?”

 बाळाचं टोपडं नीटच होतं, तरी अंकल ते नीट करत राहिले.

ते गेल्यावर मी लिम यांची फाइल काढली. नोंदणीच्या फॉर्मवर घरातलं आणखी कोण गाडी चालवणार त्याची जागा असते. तिथं हुइमिनचं पूर्ण नाव होतं आणि पुढे तिचा मोबाइल नंबर. माझ्याच अक्षरात. पहिल्या दिवशी तिघांची माहिती विचारून मीच तो लिहून घेतला होता.